कॉलर नांदेडात, लेन्स लातुरात

लांब लेन्स लावलेला कॅमेरा मी लेन्सच्या कॉलरवर न बसवता कॅमेऱ्याच्याच बुडावर बसवला, ट्रायपॉडच्या डोक्याचा, म्हणजे हेडचा, स्क्रू पकडीनं आवळला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि आत जेवायला जाऊन बसलो.

चूक एवढीच. ज्यांनी कधी ट्रायपॉडला हात लावला नाही त्यांना ही चूक वाटणारही नाही, म्हणून जरा उलगडून सांगतो. लांबचं जवळ आणून दाखवणारी लेन्स कॅमेऱ्यापेक्षा कितीतरी जड असते. कॅमेरा ट्रायपॉडवर बसवून पुढं असली लेन्स लावली की सगळं वजन पुढं लोंबतं. म्हणून असल्या लेन्सच्या मधोमध एक कडं देतात, कड्याला खाली एक पाय असतो. ही कॉलर. ट्रायपॉडवर कॅमेरा नव्हे, हा पाय बसवायचा. मग मागं कॅमेरा, पुढं काच, आणि तोल मधे राहतो. बनवणाऱ्यानं एवढा विचार करून दिलेलं हे कडं मी काढून टाकलं होतं. विष्णुपुरी धरणाच्या पाण्यावर पाखरांचे फोटो हातात धरून काढताना ते तळहाताला रुतायचं. आता ते नांदेडच्या घरी कपाटात, जुन्या मफलरीखाली होतं. आणि मी लातुरात, सासऱ्यांच्या पुढ्यात.

माझी बायको लातूरची. घर लिंगायताचं, धंदा भांड्यांचा. सासऱ्यांना मी मामा म्हणतो, बायको आणि मेव्हणा अप्पा म्हणतात. मामांनी जन्मभर तंबाखू मळली. डाव्या गालात आतून चट्टा आला, भरता भरेना. मग तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरांनी सांगितलं की डावीकडचा अर्धा जबडा काढावा लागेल. चेहरा बदलेल, बोलणं बदलेल. हसण्याचं काही सांगता येत नाही म्हणाले.

हे फोनवर कळलं तेव्हा बायको मेथी निवडत होती. फोन ठेवून ती परत मेथी निवडायला बसली. सगळी जुडी संपल्यावर म्हणाली, "तुमच्या त्या कॅमेऱ्यात अप्पाचा चेहरा घेऊन ठेवा. बोलताना, हसताना. नंतर न्हाई दिसणार तो."

लग्नानंतर तिनं माझ्या कॅमेऱ्याकडून पहिल्यांदाच काही मागितलं होतं. एरवी कॅमेरा म्हणजे सवत.

मागण्याला कारण होतं. मामांचा धड असा एक फोटो नाही. कुठल्याही लग्नात हा माणूस पंगतीत वाढायला. आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये त्यांची पाठ आहे आणि हातात बुंदीची बादली. आधार कार्डावरचा फोटो आहे, पण त्यावरून त्यांना त्यांच्या आईनंही ओळखलं नसतं. खरे मामा म्हणजे त्यांचं हसणं. गाल इतके वर चढायचे की डोळे त्याखाली गडप. गिऱ्हाईक पातेलं महाग म्हणालं तरी ते असे हसायचे, आणि गिऱ्हाईक पातेलं घेऊन जायचं.

मी ठरवलं, हे काम असं करायचं की सासुरवाडीला कळलं पाहिजे जावई काय चीज आहे. इथंच वाट चुकली, पण तेव्हा ती सरळ दिसत होती.

माझ्याकडं लेन्सा तीन. एक रुंद, घरातली सगळी माणसं मावतील अशी. एक लहान, हलकी, माणसाच्या चेहऱ्यासाठीच असते ती. आणि ही लांब, पाखरांची. ट्रायपॉड जुना होता, त्याचं डोकं ढिलं झालेलं. म्हणून नांदेडातच वजिराबादेतल्या एका कॅमेऱ्याच्या दुकानात गेलो. दुकानदारानं दोन हेडं पुढं ठेवली. एक व्हिडिओचं: मागं लांब दांडा, आत स्प्रिंग, पुढचं वजन सावरून धरणारी. दिसायला मात्र हापशासारखं. दुसरं गोळ्याचं: निळंशार, चकचकीत, एक खटका फिरवला की कॅमेरा हवा तिकडं वळतो. मी निळं घेतलं. मग कॅमेऱ्याखाली लावायच्या पट्ट्या. लांब पट्टी घेतली तर कॅमेरा पुढंमागं सरकवून तोल साधता येतो. पण ती कॅमेऱ्याच्या मागं बाहेर येऊन हनुवटीला लागत होती, म्हणून मी आखूड घेतली. दुकानदारानं विचारलं, लेन्स कोणती लावणार. मी म्हणालो, सगळ्या. तो म्हणाला, "सगळ्या बसतेत, साहेब. फिकीर करू नका." त्याचं चुकलं नाही. बसल्या सगळ्याच.

घरी येऊन लहान लेन्स लावून पाहिली. निळं हेड दगडासारखं घट्ट. रुंद लावून पाहिली, तीही ठीक. लांब लावून पाहायचा कंटाळा केला, कारण जेवण वाढलं होतं. माझ्या आयुष्यातले बरेच घोटाळे जेवणाच्या वेळेला झालेले आहेत.

मामा दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही एसटीनं लातूरला निघालो. ट्रायपॉड मांडीवर आडवा. लोह्याला गाडी भरली तेव्हा त्याचा एक पाय आपोआप लांब होऊन पुढच्या सीटवरच्या बाईच्या अंबाड्यात गेला. त्यावर जे ऐकून घेतलं ते इथं लिहीत नाही. बायकोनं मधेच विचारलं, सगळं घेतलंय ना. मी हाव म्हणालो. ती खिडकीकडं तोंड करून बसली. एरवी ह्या रस्त्यावर ती माहेराच्या गोष्टींनी डोकं उठवते. त्या दिवशी अहमदपूर आलं आणि गेलं, ती खिडकीबाहेरच बघत होती.

सकाळी लातूरच्या घरात वातावरण कसं असावं ते कुणालाच कळत नव्हतं. मामा आंघोळ करून, पूजा आटोपून, कपाळावर विभूतीचे पट्टे ओढून तयार. दुपारी चारच्या आत भरती व्हायचं होतं. मामी, म्हणजे माझ्या सासूबाई, चुलीपुढनं उठत नव्हत्या. हुग्गी शिजत होती, गव्हाची, मऊ, गुळाची. मामांना आवडते आणि चावावीही लागत नाही. पण मामांनी सांगितलं होतं, मला आज ज्वारीची कडक भाकरी पाहिजे. का, ते कुणी विचारलं नाही.

मी आधी रुंद लेन्स लावून सगळ्यांना एकत्र घेतलं. छान आलं. मग लहान लेन्स लावून मामींना स्वयंपाक करताना घेतलं. तेही छान. माझा उत्साह वाढला. मेव्हणा बाजूला उभा राहून कौतुकानं बघत होता, आणि मी त्याला तोल या विषयावर भाषण देत होतो. कोणत्या लेन्सला वजन कुठं पडतं, ट्रायपॉडच्या मधल्या आकड्याला ओझं का लटकवायचं. तो पळत जाऊन खलबत्त्यातला बत्ता पिशवीत घालून घेऊन आला. आम्ही तो आकड्याला लटकवला. पाय एकदम भक्कम झाले. डोक्याचं काय, हे भाषणात नव्हतं.

मामांच्या चेहऱ्यासाठी लहान लेन्सच पुरे होती. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण तिनं घ्यायचं म्हणजे जवळ बसावं लागतं, आणि जवळ बसून घेतलेलं तर कुणीही घेतं. मला लांबून घ्यायचं होतं, मागचं सगळं धूसर होऊन नुसता चेहरा उजळलेला. म्हणून मामांना मागच्या दारात पेरूच्या सावलीत बाजेवर बसवलं आणि कॅमेरा पार समोरच्या खोलीत. बायको म्हणाली, मोबाइलवर पण घेऊन ठेवू का. मी तिच्याकडं असं बघितलं की तिनं फोन पर्समध्ये ठेवून दिला.

बॅगेत कॉलर शोधली. नव्हती. कपाटातली मफलर आठवली. मग कॅमेरा पट्टीवर चढवला, पुढं लेन्स बसवली. निळ्या हेडनं सावकाश मान टाकली. मी खटका आवळला, परत टाकली. मेव्हण्याकडं पक्कड मागितली आणि जोर लावून पिळली. आता थांबलं. बोटानं लेन्स दाबून पाहिली, हलेना. थोडा वेळ डोळा लावून बघत राहिलो. मामांचा चेहरा पडद्यावर काठोकाठ, विभूतीपासून हनुवटीपर्यंत. पांढऱ्या दाढीचा एकेक खुंट दिसत होता. इतका सुंदर फोटो मी पाखराचाही काढलेला नाही.

मामा मात्र गप्प. बायको त्यांच्या समोर खाली सतरंजीवर बसली होती, तिची पाठ माझ्याकडं. ती विचारत होती, अप्पा, तुमी उदगीरला आईला बघायला गेला ते सांगा ना. मामा माझ्याकडं बघायचे आणि खाली. आमच्याकडं अजून सासरा जावयापुढं मोकळा होत नाही. बायकोच्या जन्माआधीची गोष्ट, तीही सासूच्या मागणीची, जावयासमोर कशी सांगणार? मेव्हणा हळूच म्हणाला, "दाजी, तुमी आत चला. तुमी हायेत तवर अप्पा न्हाई बोलायचे."

बरोबर होतं त्याचं. मी माइक मामांच्या सदऱ्याला लावलेला होताच. बटण दाबलं, लाल दिवा लागला. आणि जाताना मी मेव्हण्याला बजावलं, चांगलं जरबेनं बजावलं, की काही झालं तरी कॅमेऱ्याला कुणी हात लावायचा नाही. हवेनं हलला तरी नाही.

आत स्वयंपाकघरात मामींनी पाट मांडलाच होता. जावयाला उपाशी ठेवून कुठलंच काम त्या घरात होत नाही, मग ते काम कसलंही असो. हुग्गी वाढली, वर तूप. मी खात होतो आणि बाहेरून मामांचा आवाज येत होता. आधी अडखळत, मग लागला सूर. उदगीरच्या घरात सगळे कानडीत बोलत होते, ह्यांना एक अक्षर कळत नव्हतं, आणि हे प्रत्येक गोष्टीला मान हलवत होते. आणि मग हसणं. ते हसणं. बायकोचंही हसू त्यात मिसळलेलं. मामी भाकरी थापायच्या थांबल्या. माझ्याशी त्या कामापुरतं बोलतात, वाढू का, पुरे का, एवढंच. पण त्यांनी विचारलं, "चेहरा नीट येऊन राहिला न्हवं, जावईबापू?"

"मामी," मी म्हणालो, "सुरकुती न् सुरकुती येऊन राहिली."

आणि आणखी हुग्गी घेतली.

मामा बराच वेळ बोलले. मग एकाएकी थकले, गालाला हात लावून बसले. मी बाहेर आलो तेव्हा मेव्हणा माझ्या आज्ञेप्रमाणे कॅमेऱ्याशेजारी हाताची घडी घालून उभा होता, पोलिसासारखा. मी मामांना नमस्कार केला, बटण बंद केलं, लेन्स उतरवली. लेन्स जरा खाली बघत होती खरी, पण मला वाटलं बंद करताना माझाच हात लागला. मामांनी कडक भाकरी अर्धी खाल्ली, उजवीकडच्या दातांनी, सावकाश. मग रिक्षा आली.

दवाखान्यात त्यांना वर नेल्यावर आम्ही दोघं खालच्या बाकावर बसलो. बायको म्हणाली, दाखवा ना. मी कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर लावलं.

पहिल्यांदा सगळं जसं हवं तसं. बायकोनं पडद्यावर बोट ठेवलं, त्यांच्या गालावर. मग विभूतीचा वरचा पट्टा दिसेनासा झाला. मला वाटलं मामा बसल्या जागी उंच झाले. मग कपाळ गेलं. लांब लेन्सचं असं आहे, इकडं केसभर हललं की तिकडं वीतभर सरकतं. डोळे गेले. त्यानंतर बराच वेळ नुसतं तोंड होतं, ओठ आणि तो जबडा. उदगीरच्या घरात पाऊल ठेवेपर्यंत तोंड टिकलं. तिथं कानडी सुरू झाली आणि हनुवटी वर निघून गेली. मामा पहिल्यांदा हसले तेव्हा पडद्यावर सदऱ्याची गुंडी होती. मग गुडघ्यावरचा हात. आणि शेवटी बराच वेळ सतरंजी, सुंदर धूसर झालेली सतरंजी, आणि कोपऱ्यात बायकोच्या साडीचा काठ. आवाज स्वच्छ.

मी ते पुढं पळवलं, मागं आणलं, जणू परत लावल्यावर चेहरा खाली येईल. बायकोनं माझा हात धरून बंद केलं. मला बोलली असती तर बरं वाटलं असतं.

मेव्हण्याला बाजूला घेऊन मी विचारलं, तू तिथंच होतास, तुला पडद्यावर दिसलं नाही का. तो बिचारा गोरामोरा झाला. "दिसलं की दाजी. मला वाटलं तुमी हळूहळू हाताचं घेऊन राहिलेत. सिनेमात दाखवतेत तसं." मग खालच्या आवाजात म्हणाला, "आन् तुमी हात लावू नका म्हणलता." जावयानं सांगितलेलं त्या घरात कुणी मोडत नाही. माझ्या जागी दुसरा कुणी असता, तर त्याला त्या पोलिसानं नक्की हाक मारली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशनला न्यायच्या आधी मी नर्सबाईंची मनधरणी करून थोडा वेळ मागून घेतला. लहान लेन्स लावली. निळं हेड दगडासारखं घट्ट. काही हललं नाही, काही सरकलं नाही, चेहरा मधोमध. पण विभूती पुसलेली, अंगात दवाखान्याचा हिरवा झगा, आणि मामा कॅमेऱ्याकडं बघतच नव्हते. ते दाराकडं बघत होते, स्ट्रेचर कधी येतं म्हणून. बायको म्हणाली, अप्पा, हसा की थोडं. त्यांनी ओठ हलवले. ते हसणं नव्हतं, लेकीचं मन राखणं होतं. मग म्हणाले, "झालं का?" मी झालं म्हणालो.

तर आमच्याकडं आता मामांचं हसणं होतं, त्यात चेहरा नाही. आणि चेहरा होता, त्यात हसणं नाही. नांदेडला परतल्यावर बायकोनं एका रात्री जेवताना विचारलं, दोन्ही जोडता येत नाहीत का. मी संगणकावर बसून प्रयत्न केला. दवाखान्यातला चेहरा घेतला, त्याखाली उदगीरचा आवाज लावला. बंद तोंडाचा, घाबरलेला माणूस दाराकडं बघतोय आणि कुठूनतरी तो खदखदून हसतोय. मी ते ताबडतोब पुसून टाकलं. बायकोला सांगितलं, तांत्रिकदृष्ट्या जमत नाही. मफलरीखालची कॉलर काढून लेन्सला चढवून पाहिली. कॉलरचा पाय दोन बोटांवर धरला, लेन्स आणि कॅमेरा आडवे, शांत. बोटं काढून घेतली असती तरच पडले असते. मी तसाच बराच वेळ धरून बसलो, मग कपाटात ठेवून दिलं.

मामा वाचले. ऑपरेशन झालं, नंतर रेडिएशनचे शेक देऊन झाले. चेहरा डावीकडं आत गेला. हातात कायम रुमाल, बोलणं असं की ऐकणाऱ्यानं अंदाज बांधायचा. पण दुकानात जाऊन बसायला लागले. आम्ही लातूरला जायचो तेव्हा व्हिडिओचा विषय मी काढत नसे. कुणी काढला तर म्हणायचो, त्यावर काम चालू आहे.

शेवटी मागच्या खेपेला मामांनीच टीव्हीकडं बोट दाखवलं, मग माझ्याकडं, आणि हातानं खूण केली: लावा. पळवाट नव्हती. मेव्हण्यानं केबल जोडली. मामी पदर सावरून दाराशी येऊन बसल्या. एवढ्या मोठ्या टीव्हीवर तो पहिला चेहरा आला. विभूती, डोळे, दाढीचे खुंट. डावा गाल भरलेला. मामींचा हात तोंडावर गेला.

मग चेहरा वर निघाला. कपाळ गेलं, डोळे गेले. मामी बसल्या जागी मान उंच करायला लागल्या, भिंतीपलीकडचं बघायला आपण करतो तशी. शेवटी उठून टीव्हीजवळ गेल्या, वरच्या कडेकडं बघत राहिल्या. टीव्हीवर सतरंजी, आणि सतरंजी हसत होती. मी पायाच्या अंगठ्याकडं बघत होतो. माझ्याकडं कुणी बघू नये, एवढीच इच्छा होती.

मामा पुढं झुकून ऐकत होते. उदगीरची गोष्ट संपली, हसणं संपलं. त्यांनी रुमालानं तोंड टिपलं, सरळ माझ्याकडं बघितलं आणि काहीतरी बोलले. मोठं वाक्य होतं, मला एक शब्द लागला नाही. मेव्हण्यानं पटकन मान खाली घातली. मामी टीव्हीकडं बघत असतानाच खुदकन हसल्या. मी बायकोला विचारलं, मामा काय म्हणाले.

तिनं डोळे पुसले आणि मामांचं बोलणं जसंच्या तसं, स्पष्ट, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

"डाक्टरनं निदान अर्धा जबडा ठिवला. जावयानं आख्खं तोंड नेलं."